वय झाले की आजार झाला?

“आता वय झालं, असंच चालायचं.” आपल्या घरोघरी हे वाक्य ऐकू येते. थकवा आला, झोप उडाली, अंग दुखले की वडीलधारी माणसे असे म्हणून गप्प बसतात. यातील काही तक्रारी खरोखर वयाच्या असतात. काही मात्र आजाराच्या असतात आणि वयाच्या नावाखाली लपून राहतात. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

आपल्या शरीरातील काही ग्रंथींचे रस थेट रक्तात मिसळतात व अवयवांना कामाची सूचना देतात. त्यांनाच हार्मोन म्हणतात. वयाबरोबर काही हार्मोन कमी होतात. काही हार्मोन तेवढेच राहतात, पण शरीर त्यांना पूर्वीसारखी दाद देत नाही.

स्त्रियांमध्ये हा बदल ठळक असतो. साधारण ४५ ते ५५ या वयात पाळी थांबते आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन फार कमी होते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो, चिडचिड होते. हा आजार नव्हे. घरच्यांनी समजून घ्यावे. त्रास फार झाला तर त्यावर औषध आहे. पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे हाडे मात्र लवकर झिजतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडेसे जरी रक्त दिसले, तरी लाज न धरता लगेच डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी ती कर्करोगाची पहिली खूण असते.

पुरुषांमध्ये एकाएकी काही थांबत नाही. टेस्टोस्टेरोन हळूहळू, वर्षाला सुमारे १ टक्का, उतरत जाते. स्नायू कमी होतात, पोट सुटते. स्त्री असो वा पुरुष, झोपही सावध होते.

स्नायू घटले आणि चरबी वाढली की इन्सुलिनचे काम नीट होत नाही. आपल्या मॉरिशसमध्ये तर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. म्हणून वारंवार लघवी, फार तहान, कारण नसताना उतरणारे वजन, यांना “वय” म्हणू नका. सतत थंडी वाजणे, सुस्ती व बद्धकोष्ठ यांमागे थायरॉईड असू शकते. दोन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात आणि सरकारी दवाखान्यात त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आपले आजे-पणजे उसाच्या शेतात राबले. त्यांना वेगळा व्यायाम लागला नाही. आपण खुर्चीवर बसतो. तेव्हा रोज अर्धा तास चालावे, थोडे वजन उचलावे. डाळ, दूध, मासळी पोटात जावी. पांढरा पाव, दालपुरी व गोड पेये बेताने घ्यावीत. तारुण्य परत आणणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नये.

वाचकहो, या रविवारी घरातील आजी-आजोबांजवळ बसा. “कसं वाटतं?” एवढेच विचारू नका. “रात्री किती वेळा उठता? वजन किती उतरलं?” हेही विचारा. वय कोणाला टळत नाही; पण वेळेवर विचारले तर पुष्कळ आजार आटोक्यात ठेवता येतात.