शिट्टी न होणारा कुकर

रायपूरच्या मराठी घरांत स्लो कुकर दुकानातून येण्यापेक्षा परदेशातल्या लेकीच्या बॅगेतून येण्याचा संभव जास्त. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून इथे रुजलेली तात्यापाऱ्यातली घरं असोत, की 1935 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या शेजारची चौबे कॉलनीतली, एखादी लेक, एखादा भाचा अमेरिकेत असतोच. आणि गडबड तिथूनच सुरू होते. तिकडचा कुकर 120 व्होल्टचा, आपल्या भिंतीतली वीज 230 व्होल्टची. प्लगला ॲडॅप्टर लावला की भागलं, असं समजून बटण दाबलं तर 250 वॅटचं भांडं 900 वॅटच्या पुढे ओढू लागतं. मग मंद आच कुठली, कॉइलच जळते. म्हणून पहिली कृती स्वयंपाकाची नव्हे. भांडं उलटं करून बुडाखालची पट्टी वाचायची. तिथे 120 असेल तर व्होल्टेज उतरवणारा, पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, नाहीतर इथलाच कुकर विकत घ्यायचा.

यंत्र म्हणावं तर त्यात फारसं काही नाही. चिनीमातीचं जड भांडं, त्याला वेढून कॉइल, वर काचेचं झाकण. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून पाणी 121 अंशांपर्यंत तापतं. हा मात्र शंभराच्या अलीकडेच घुटमळतो. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त, असा बहुतेकांचा समज असतो. तोही पुरता खरा नाही. पुष्कळ कुकरांत दोन्ही बटणं शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचवतात, फक्त ‘हाय’ तीन-चार तासांत आणि ‘लो’ सात-आठ तासांत. विजेचा हिशेब सोपा आहे. 200 वॅटचा कुकर आठ तास चालला तर दीड युनिटाच्या थोडं वर.

तीन शिट्ट्यांवर वाढलेल्या माणसाला अस्वस्थ करते ती त्याची शांतता. आवाज नाही, वास यायलाही दोन तास. मग झाकण उघडून बघायचा मोह होतो, आणि एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात. काच त्यासाठीच आहे. वाफेने ती धुरकट झाली तर झाकणावर हलकी टिचकी मारायची, थेंब ओघळतात आणि आतलं दिसतं.

खरं तर ही आच मराठी घराला परकी नाही. चुलीच्या वैलावर पुरणाची डाळ अशीच शिजायची. छत्तीसगढच्या खेड्यांत तेच काम गोरसी करते. गोरसी म्हणजे मातीची पसरट शेगडी. थंडीत हात शेकायला, बाळंतिणीला शेक द्यायला आणि दूध तापवायला ती लागते. तिच्यात छेना धुमसत असतो. (नवख्या मराठी माणसाला छेना म्हटलं की रसगुल्ला आठवतो, छत्तीसगढीत छेना म्हणजे गोवरी.) त्या आचेवर तासन्तास राहिलेल्या दुधाला तांबूस रंग चढतो, वर जाड साय धरते.

विजेच्या कुकरामागेही अशीच एका आजीची आठवण आहे. शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुआनियातल्या व्हिल्नाची गोष्ट सांगितली होती. शनिवारी ज्यूंना चूल पेटवायची मनाई. म्हणून तिची आई शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य-मांसाचं भांडं बेकरीत नेऊन ठेवी आणि विझत्या भट्टीच्या उबेत ते रात्रभर शिजे. नॅक्सन यांना 1940 मध्ये पेटंट मिळालं. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि पुढच्या वर्षी तोच कुकर ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणला.

आपल्याकडेही तोवर कुणी हात बांधून बसलं नव्हतं. बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर 1910 च्या सुमाराचा: नळकांड्यात डब्यांची उतरंड, बुडाशी कोळशाचे निखारे. अलीकडे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर त्याच घराण्यातला. शंभरेक ग्रॅम कोळशात त्यात एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

पहिल्या दिवशी करावं काय? मटण. चरबी कमी असलेला, स्नायूंचा, हाडांजवळचा तुकडा इथे सोन्यासारखा ठरतो, कारण त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन व्हायला वेळच हवा असतो. मात्र सगळं एकदम ओतून बटण दाबलं तर नागपुरी सावजीची आशा सोडावी. कांदा, खोबरं, खसखस कढईत खमंग परतूनच घालायची. नाहीतर आठ तासांनंतरही मसाला कच्चाच लागतो. पाणी नेहमीच्या निम्मं, कारण इथे वाफ बाहेर जात नाही. बटाटा मटणाहून हट्टी, त्याला तळाशी बसवावं. दही, चिंच, टोमॅटो शेवटी: दही आधी घातलं तर फाटतं, आंबटाने डाळी-भाज्या शिजेनाशा होतात.

राजम्याच्या बाबतीत मात्र थट्टा नको. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनेच मरतं, 80 अंशांच्या आसपास उलट त्याचा जोर वाढू शकतो. अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाब आणतात. रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळावा आणि मगच कुकरात टाकावा. हरभऱ्याला एवढे सोपस्कार नाहीत, भिजवला की झालं.

दुसरा धोका लाइट जाण्याचा. 5 ते 60 अंशांच्या मधे जिवाणू फोफावतात, आणि मे महिन्यातल्या रायपुरात स्वयंपाकघर स्वतःच चाळिशीत असतं. म्हणून बर्फात गोठलेलं मटण तसंच टाकू नये. ते तापायला फार वेळ घेतं. घरी कुणी नसताना वीज किती तास गेली होती हे कळत नसेल, तर रस्सा जीव तोडून केलेला असला तरी फेकावा. पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी, घरात असतानाच करावा, तो यासाठी.

भात यात करू नये. छत्तीसगढसारख्या धानाच्या कटोऱ्यात राहून भाताचा लगदा करणं शेजाऱ्यांनाही पटणार नाही.

उरलं दूध. झाकण घट्ट ठेवलं तर ते रात्रभरातही आटत नाही, कारण वाफ थेंब होऊन परत आतच पडते. झाकणाखाली आडवा लाकडी चमचा टेकवून फट ठेवली, अधूनमधून ढवळलं, की ते दाट होऊ लागतं, रंग बदलतो, बासुंदीच्या वाटेला लागतं. गोरसीचा धुरकट वास त्याला यायचा नाही. खरवड मात्र मिळते, तीही तळाला नव्हे. आच बाजूने लागत असल्याने ती भांड्याच्या कडेला गोल पट्टीसारखी धरते. भांडं गरम असताना गार पाण्यात बुडवलं तर तडकतं, म्हणून ते निवेपर्यंत थांबायचं. तोवर पोरं चमचे घेऊन ओट्यापाशी उभी.