अडवलेले पाणी

दिल्लीच्या मयूर विहार वसाहतीपासून यमुनेच्या काठाने दक्षिणेस निघाले म्हणजे ओखल्याचा जलाशय लागतो. तेथे नदी अडवून १८७४ साली शेतीसाठी आग्रा कालवा काढण्यात आला. पुढे ती जागा दिल्लीकरांच्या सहलीचीही झाली. सिंचन आणि करमणूक यांची सांगड घालणाऱ्या नव्या जलाशयांच्या योजना आखताना ओखल्याचा अनुभव ध्यानी घेण्याजोगा आहे.

पाणी अडले की त्याचा वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. उथळ जागी लव्हाळे व पाणकणीस वाढते, आणि त्यांच्या आश्रयास हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक असे पाहुणे येतात. म्हणून १९९० साली सुमारे चार चौरस किलोमीटरांचा हा परिसर पक्षी-अभयारण्य ठरला. आपल्या पैठणच्या नाथसागरालाही १९८६ साली असाच मान मिळाला.

परंतु थांबलेले पाणी बरेवाईट दोन्ही साठविते. कालव्यांत पाणी वळविल्यामुळे उन्हाळ्यात यमुनेत मूळचे पाणी थोडेच उरते आणि शहराचे सांडपाणी तिची जागा घेते. मग जलपर्णी माजते, माशांना प्राणवायू अपुरा पडतो. साबणमिश्रित पाणी बंधाऱ्याच्या दारांतून कोसळले की खाली फेसाचे पांढरे थर तरंगू लागतात.

तेव्हा जलाशयाचा आराखडा पुढे आला, तर बाग कोठे आणि नौका किती, हे मागाहून पुसावे. नदीसाठी किती पाणी राखणार आणि तिच्यात कोणते पाणी सोडणार, हे आधी पुसावे. नदीच वाहती राहिली नाही, तर नौका कशावर चालणार?