बालकांच्या दाढांचे संरक्षण : दंत सीलंटची उपयुक्तता

प्रस्तावना :
दंतक्षय हा बालवयात सर्वाधिक आढळणाऱ्या रोगांपैकी एक आहे. दुखऱ्या दाढेमुळे बालकाचे खाणे, झोप व अभ्यासातील एकाग्रता या तिन्हींवर विपरीत परिणाम होतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. या पार्श्वभूमीवर दंत सीलंट या प्रतिबंधक उपायाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

दाढाच का किडतात ?
वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच आहे, पडून नवी येईल, असा अनेक पालकांचा समज होतो व किडीकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः ही दाढ गेल्यास पुन्हा येत नाही. दाढेच्या चर्वणपृष्ठावर अरुंद व खोल खाचा असतात. ब्रशचे केस त्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. तेथे साचलेल्या अन्नकणांतील शर्करेपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दातावरील कठीण कवचाचे क्षार विरघळू लागतात. फ्लोराइडचे संरक्षणही गुळगुळीत पृष्ठभागांच्या तुलनेत या खाचांना कमी मिळते.

कार्यपद्धती :
सौम्य आम्लप्रक्रियेने दाताचे कवच सूक्ष्म प्रमाणात खडबडीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट चिकटते, हे अमेरिकन संशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावर सीलंट आधारित आहे. दाढ स्वच्छ करून तिच्यावर फॉस्फरिक आम्लाचा लेप काही सेकंद ठेवतात. ती धुऊन कोरडी केल्यावर खाचांत द्रवरूप रेझिन भरतात व निळ्या प्रकाशाने ते कठीण करतात. यासाठी दात कोरावा लागत नाही, इंजेक्शनही द्यावे लागत नाही. मात्र लाळेचा ओलावा लागल्यास रेझिनची पकड सैल होते. म्हणून अर्धवट उगवलेल्या दाढेसाठी ग्लास आयनोमरचा पर्याय वापरला जातो.

परिणामकारकता व मर्यादा :
अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सीलंटमुळे दाढांतील सुमारे ८० टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते. तथापि, दोन दातांमधील फटींचे संरक्षण सीलंट करू शकत नाही. ते झिजते किंवा निघते, म्हणून नियमित तपासणी हवी. दात घासणे व गोड खाण्यावर नियंत्रण यांना ते पर्याय नाही.

समारोप :
२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांच्या तपासणीचा समावेश आहे. या तपासणीस सहा व बारा वर्षांच्या सुमारास सीलंटची जोड मिळाल्यास, दवाखान्याचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या दाढाही वाचू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून ‘सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते’ एवढी एकच माहिती पालकांपर्यंत पोहोचविली, तरी महाविद्यालयांचे ते मोलाचे योगदान ठरेल.