ओल लागली की कार्बाइड

भाईंदर पूर्वेचं खारीगाव खाडी आणि मिठागरांच्या पट्ट्यात येतं. पावसाळ्यात इथे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. कॅल्शियम कार्बाइडला याहून नकोशी हवा क्वचितच सापडेल. दिसायला ती निव्वळ राखाडी खडी, पण पाण्याचा थेंब पडला की फसफसते, तापते आणि अ‍ॅसिटिलीन वायू सोडते. त्यासाठी हवेतली ओलही पुरते.

१८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढू पाहत होता. विजेच्या भट्टीतून निघाली ही खडी. आजही कळीचा चुना आणि कोक सुमारे २००० अंशांवर तापवूनच ती बनते. बाजारी मालाच्या एका किलोतून ३०० लिटरच्या आसपास वायू मिळतो. जत्रेतले फेरीवाले त्यावर दिवे लावत, खाणकामगार असा दिवा टोपीवर वागवत. गॅस वेल्डिंगवाल्यांनी मात्र त्याचं सोनं केलं: ऑक्सिजनच्या जोडीने त्याची ज्योत ३००० अंशांपलीकडे जाते. आता तयार अ‍ॅसिटिलीनची सिलिंडरं आल्याने पाणी-कार्बाइडची टाकी मागे पडली, आणि बरंच झालं. हवेत अडीच टक्के अ‍ॅसिटिलीन मिसळलं तरी ठिणगीने भडका उडतो. तांब्याची नळी वापरली तर आत स्फोटक थर धरू शकतो. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच आठवत नाही. म्हणून कार्बाइडचं पिंप हवाबंद, जमिनीपासून उंच. साठ्याचे नियम १९८७चे, आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात.

कार्बाइडशी आपली खरी ओळख मात्र आंब्यामुळे. कोकणात आंबा भाताच्या पेंढ्यात आढी घालून पिकवतात. त्याला दिवस लागतात. घाईच्या व्यापाऱ्याची पद्धत वेगळी: पेटीत कार्बाइडची पुडी. फळाच्या ओलीनेच वायू सुटतो, साल पिवळी होते, कोयीजवळचा गर आंबटच राहतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, त्याचा लसणासारखा वास फॉस्फिनमुळे येतो. फळांसाठी त्याचा वापर कायद्याने बंद आहे. इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. इथिलीन फळ स्वतःही तयार करतं, त्यामुळे ही मुभा मला रास्त वाटते. पुडीवाल्याला मात्र इथिलीनची बंद खोली महाग पडते, आणि पुडी चार पैशांत मिळते.