कुरण विकत घ्यावें काय?

गोसेवेकरितां कुरण विकत घ्यावें असें नागपुरांतील एखाद्या सधन व्यापाऱ्यास वाटलें, तर त्याचा हेतु स्तुत्यच आहे. परंतु विदर्भाचा 1958 चा कूळकायदा शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेऊं देत नाहीं. आणि गांवचें गायरान हा तर विक्रीचा जिन्नसच नव्हे. 1951 त मालगुजारी गेली, चराऊ जमिनी सरकारजमा झाल्या, तरी गुरें चारण्याचा गांवकऱ्यांचा निस्तारहक्क उरला. 1966 च्या जमीन महसूल संहितेनें त्याकरितां निस्तारपत्रक तयार करण्यास सांगितलें. तें पत्रक उघडून पाहणारे किती निघतील? गायरानांवर शेतें उठलीं, इमारती उठल्या; सर्वोच्च न्यायालयास 2011 त सामाईक जमिनी मोकळ्या करा असें सर्व राज्यांस बजावावें लागलें. भूमिहीनांना रीतसर दिलेले पट्टे त्यांतहि अपवाद म्हणून राखले आहेत, हें विसरून कोणीं प्रथम झोपडीवर हात टाकूं नये.

धनिकाच्या कुंपणांत त्याच्या दहा गाई चरतील. गोवाऱ्यानें गांवचीं गुरें न्यावयाचीं कोठें? म्हणून आमची विनंति अशी कीं, तोच पैसा ग्रामपंचायतीच्या संमतीनें गायरानावर लावावा: तण काढावें, मारवेल-पवन्याचें बीं टाकावें, आणि एक पावसाळा गुरें बाहेर ठेवावीं. त्या पावसाळ्यांतील वैरणीचा खर्चहि देणगीदारानेंच सोसावा.