हातांची परीक्षा

मुलाने किंवा मुलीने विमान-देखभालीचा अभ्यासक्रम घेतला की घरची मंडळी विचारतात, "लेखी परीक्षा कधी संपणार?" आम्हां शिक्षकांपुढेही हाच प्रश्न येतो. या विद्येत लेखी परीक्षा म्हणजे अर्धीच वाट होय. युरोपीय नियमांप्रमाणे टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी असलेल्या बी-१ परवान्याचा पायाभूत अभ्यासक्रम २४०० तासांचा आहे. त्यांतील चाळीस ते पन्नास टक्के तास प्रत्यक्ष कामाचे असतात. त्यानंतरही चालू विमानांवरील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. भारताचे नियमही बहुतांशी याच धर्तीवर आहेत.

एवढा काळ कशासाठी? हात चपळ व्हावा म्हणून, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस वाटते, नजरेवर विश्वास न ठेवण्याची सवय लागावी म्हणून.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सुमारे १७,००० फुटांवर निखळली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. ती काच उड्डाणापूर्वी सुमारे २७ तास आधी बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने लहान होते, फरक पाऊण मिलिमीटरही नव्हता! जुन्या बोल्टाशी नजरेने ताडून नवे निवडले होते. सुट्या भागांची सूची उघडलीच नव्हती. आणि हे काम करणारा नवशिका नव्हता, अनुभवी माणूस होता.

म्हणूनच हँगरमध्ये विद्यार्थ्याला आधी पुस्तिका उघडावयास लावतात, भागाचा क्रमांक वाचावयास लावतात, टॉर्क रेंचने बोल्ट मोजून आवळावयास लावतात. पाळी संपताना हत्यारांच्या फळीवर एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडीत नाहीत.

१९५३ साली लोद विमानतळावर निघालेल्या कारखान्याचे नाव 'बेदेक'. राजा योआशच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीसंबंधी हाच शब्द शास्त्रात येतो. कारागिरांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा सोपवीत, ती माणसे सचोटीने वागत, म्हणून त्यांच्याकडून हिशेब घेत नसत. हँगरमध्ये मात्र सचोटीच्या माणसाकडूनही बोल्टाबोल्टाचा हिशेब घेतात!

तो हिशेब लॉगबुकात राहतो. एखाद्या ओळखीच्या गृहस्थाकडून न केलेल्या कामावर सही मिळवून मुलाचे दिवस वाचविण्याचा मोह काही पालकांना होतो. त्या सहीच्या भरवशावर उद्या अनोळखी माणसे विमानात बसणार असतात. तेव्हा मूल सायंकाळी काळ्या हातांनी घरी आले, की आज काय केले, कोणाच्या देखरेखीखाली केले आणि वहीत काय लिहिले, एवढे पालकांनी अवश्य विचारावे.