दारूला शिवलेही नाही, मग लिव्हरवर चरबी कशी?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे शब्द आले की आपल्या घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. कागद घरातल्या बाईचा असेल तर तो घडी होऊन पिशवीत जातो आणि पिशवी खुंटीला. नाहीतर कोणीतरी हळूच विचारतो, “लिव्हर तर पिणाऱ्यांचे खराब होते ना?” दारूने ज्या वस्त्यांतले संसार धुळीला मिळवले, तिथे हा प्रश्न निघणे साहजिक आहे. पण जिने आयुष्यात थेंब घेतला नाही, तिने तो का म्हणून ऐकून घ्यावा?

१९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारू पिणाऱ्याच्या यकृतासारखाच दिसत होता, माणसे मात्र दारूच्या आहारी गेलेली नव्हती. त्यांत बायकांचे प्रमाण जास्त होते. बहुतेकांचे वजन वाढलेले होते आणि अनेकांना मधुमेह होता. २०२३ साली तज्ज्ञांनी या रोगाच्या नावातून ‘अल्कोहोल’ हा शब्दच काढून टाकला. रुग्णाला उगाच लागणारा कलंक पुसावा, हाही त्यामागे हेतू होता.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचे सव्वा ते दीड किलोचे कोठार. जेवणातली साखर तिथे साठते आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडली जाते. साठा भरला की जादा साखरेची चरबी होते. ही चरबी ५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते फॅटी लिव्हर. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुष्कळ जणींचे तेवढ्यावरच राहते. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, वर्षानुवर्षे वण धरत जातात आणि शेवटी सिरॉसिस होतो.

आता, कोठाराकडे माल निघाला आहे ही वर्दी कोण देते? आपले आतडे देते. हार्मोन म्हटले की आपल्याला पाळी किंवा थायरॉइड आठवते, पण या शब्दाचा जन्मच आतड्यापासून झाला आहे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी आतड्यातून रक्तात सुटणारा एक रासायनिक निरोप्या शोधला. अशा निरोप्यांना ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरला.

असाच एक निरोप्या म्हणजे जी.एल.पी.-१. आपण जेवलो की तो आतड्याच्या खालच्या भागातून सुटतो. स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन सोड. जठराला सांगतो, अन्न सावकाश पुढे ढकल. मेंदूला सांगतो, पोट भरले, आता पुरे. आयुष्य मात्र अगदी थोडे, दोनेक मिनिटांत निम्मा नाहीसा होतो. याच्या उलट काम करते ते घ्रेलिन. रिकाम्या जठरातून ते भुकेची हाक देते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले.

डेन्मार्कमध्ये १,४०० हून अधिक माणसांना साखरेचे पाणी पाजून जी.एल.पी.-१ मोजले गेले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ज्या बायका मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या किंवा ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांच्यात हा निरोप निरोगी बायकांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी सुटत होता. वजन जास्त असलेल्यांतही तो कमीच होता. निरोप अपुरा पडला की भूक लवकर भागत नाही, पोटाचा घेर वाढतो, शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. मग ते आणखी इन्सुलिन ओतते आणि यकृत चरबी बनवतच राहते.

बाईला तारुण्यात एक संरक्षण असते, ते इस्ट्रोजेनचे. पाळी चालू असेपर्यंत हा रोग पुरुषांपेक्षा बायकांत कमी आढळतो. पाळी गेली की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि फरक मिटत जातो. मग ज्यांची पाळी डॉक्टरच्या सुरीनेच थांबवली, त्यांचे काय? बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सोबत अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. नुसते गर्भाशय काढले तरी अनेकींची अंडाशये लवकर थकतात. त्यावेळी चर्चा कंबरदुखीची आणि मजुरीची झाली. यकृताकडे कोणी बघितले? ज्यांना पीसीओएस आहे, किंवा गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांनाही धोका जास्तच.

आपल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाण्यासाठी उठायचे, चहा आणि खारीवर दुपारपर्यंत काढायचे, मग सर्वांची पाने झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचे पाणी. घट्ट डाळ, अंडे, रश्शातले तुकडे केव्हाच संपलेले असतात. जी.एल.पी.-१ ला जाग आणतात ती नेमकी तीच प्रथिने आणि पालेभाजी-कडधान्यातला चोथा. रात्री झोप कमी झाली की घ्रेलिन वाढते, तो हिशेब वेगळाच. म्हणून पातेल्यातली डाळ आधी तिच्या वाटीत काढून ठेवा, असे मी प्रत्येक शिबिरात सांगतो. पुरुषमंडळी हसतात. हसू द्या.

जेवताना आधी पालेभाजी, मटकी, हरभरा, अंडे किंवा मासळी, आणि मग भात किंवा भाकरी, एवढा क्रम बदलला तरी रक्तातली साखर कमी उसळते. ६० किलोच्या बाईने ३ किलो वजन उतरवले तर यकृतावरची चरबी कमी होऊ लागते. सूज उतरायला साडेचार ते सहा किलो लागतात. बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर नसावा. शिंप्याची टेप पुरे.

जी.एल.पी.-१ ची नक्कल करणारी इंजेक्शनेही निघाली आहेत. त्यांतले सेमाग्लुटाइड ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत, सूज आणि मध्यम ते जास्त वण असलेल्या यकृतासाठी मंजूर झाले. त्याच वर्षी वजन कमी करण्यासाठी ते भारतात विकायला आले, तेव्हा महिन्याचा खर्च दहा हजारांच्या वर होता. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून कोणीही ते आणू नये. उलट्या होतात, स्नायू झडतात आणि गरोदरपणात ते चालत नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली हा रोग मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात विचारायला संकोच नको. ‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर मात्र परतू नका, ते नॉर्मल असूनही चरबी असू शकते. वणांचा अंदाज घेण्याचा एक हिशेब आहे, फिब-४. आकडेमोडीची सवय असल्याने मला तो विशेष आवडतो. वयाला एसजीओटीने गुणायचे. प्लेटलेट हजारांत लिहून त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. वय ४५, एसजीओटी ३६, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख ७० हजार असतील तर वर १६२० आणि खाली २७० गुणिले ६, म्हणजे १६२०. उत्तर १. ते १.३ च्या खाली आहे, म्हणजे जास्त वण असण्याची शक्यता कमी. १.३ च्या वर गेले तर फायब्रोस्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर हा हिशेब तितका लागू पडत नाही.